नागपूर परिसरातील आक्रमक मासे पकडणे आणि खाणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तलावावर गळ टाकून बसणारे, बाजारातून मासळी आणणारे, शेततळ्यात मासे सोडू पाहणारे आणि घरच्या काचपेटीतले मासे आता कुठे सोडावेत या विवंचनेत असलेले, अशा सर्वांकडून जे प्रश्न फिरून फिरून येतात ते येथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा संबंध दुसऱ्याशी असेल तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आक्रमक मासे नेमके कोणते? बाहेरून आणलेला प्रत्येक मासा आक्रमक असतो का?

नाही. गवत्या (ग्रास कार्प) आणि चंदेरा (सिल्व्हर कार्प) हे दोन्ही मासे १९५९ मध्ये भारतात आणले गेले आणि आज विदर्भातील बहुतेक तलावांत त्यांचे बीज सोडले जाते. परंतु त्यांना प्रजननासाठी मोठ्या वाहत्या नदीची गरज असते, त्यामुळे बंद तलावात ते वाढतात, वंश मात्र वाढवत नाहीत. बीज सोडणे थांबले की काही वर्षांत ते संपतात. ज्या माशाला माणसाने पुन्हा सोडावे लागत नाही, जो आपणहून फोफावतो आणि स्थानिक माशांचे अन्न, जागा किंवा पिल्ले फस्त करतो, तो आक्रमक. आपल्याकडे या व्याख्येत तिलापिया पहिला बसतो. त्याच्या मागोमाग थाई मांगूर, सायप्रिनस (कॉमन कार्प) आणि काचपेटीतून सुटलेला सकर येतात.

२. नागपूरच्या आसपास हे मासे कोठे आढळतात?

शहरातील उथळ आणि सांडपाण्याने पोसलेल्या तलावांत तिलापिया असतोच, कारण शेवाळ हे त्याचे आवडते खाद्य आहे आणि अशा पाण्यात शेवाळाला तोटा नसतो. सायप्रिनस मोठ्या जलाशयांत आणि माजी मालगुजारी (जुन्या जमीनदारांनी बांधलेल्या) तलावांत आढळतो. तो गाळ उकरून खातो, म्हणून ज्या तलावाचे पाणी पावसाळा सरल्यानंतरही गढूळच राहते तेथे तो मुबलक असल्याची शंका घ्यायला हरकत नाही. थाई मांगूर चोरून पाळलेल्या खड्ड्यांतून आणि नाल्यांतून पसरतो.

पसरण्याचा मार्ग समजून घ्यायचा असेल तर नकाशा समोर ठेवावा. अंबाझरी तलाव नाग नदीवर आहे, नाग नदी पुढे कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि वैनगंगेवर गोसीखुर्दचे धरण आहे. २३ सप्टेंबर २०२३ रोजी अंबाझरी ओसंडून शहरात पूर आला तेव्हा लोकांनी चिखल पाहिला, फर्निचर पाहिले. पण तलाव असा ओसंडतो तेव्हा पाण्याबरोबर मासेही खाली जातात, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

३. तिलापिया इतका झपाट्याने का वाढतो?

कारण त्याची मादी अंडी पाण्यात सोडून निघून जात नाही. नर तळाच्या मातीत ताटलीएवढा खळगा करतो, मादी तेथे अंडी घालते आणि लगेच ती तोंडात भरून घेते. अंडी तोंडातच फुटतात आणि पिल्ले पोहू लागल्यानंतरही धोका वाटला की आईच्या तोंडात परततात. गळाला लागलेल्या मादीचा जबडा फुगलेला दिसला आणि तिला बादलीत टाकताच तोंडातून मोहरीएवढी पिल्ले बाहेर पडली, हे दृश्य तलावावर बसणाऱ्यांना परिचित आहे. रोहू किंवा कटला लाखो अंडी घालतो, पण त्यांतील फार थोडी जगतात. तिलापियाची अंडी शेकड्यांत मोजण्याइतकी, मात्र जगण्याचे प्रमाण मोठे. त्यात नागपूरसारख्या उष्ण ठिकाणी त्याची वीण वर्षातून अनेकदा होते. १९५२ मध्ये प्रथिनांचा स्वस्त स्रोत म्हणून भारतात आणलेला हा मासा काही वर्षांतच डोईजड झाला, तो या कारणाने.

४. बाजारात ‘मागूर’ म्हणून मिळतो तो देशी की थाई, हे कसे ओळखावे?

सर्वांत खात्रीची खूण आकाराची आहे. देशी मागूर सहसा पाव ते अर्धा किलोच्या आत असतो. किलोभराच्या वर मासा असेल आणि विक्रेता त्याला देशी म्हणत असेल तर विश्वास ठेवू नये. थाई मांगूर मुळात आफ्रिकेतील असून तो मीटरभराहून लांब वाढतो. त्याचे डोके रुंद व चपटे असते आणि करड्या अंगावर संगमरवरासारखे डाग दिसतात, तर देशी मागूर एकरंगी तपकिरी किंवा काळसर असतो. भाव हाही एक पुरावा आहे. देशी मागूर आता दुर्मीळ झाला आहे, त्यामुळे तो स्वस्तात आणि ढिगाने मिळणे शक्य नाही.

शिंगीची गल्लत करू नये. तो वेगळा देशी मासा आहे, त्याचा पाठीवरचा पर अगदी आखूड असतो, आणि त्याच्या बाजूच्या काट्याचा दंश विषारी असल्याने हात ठणकतो.

५. तलावावर गळ टाकायला परवानगी लागते का?

बहुतेक ठिकाणी लागते. तलावातील मासेमारीचा हक्क साधारणपणे मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेला ठेक्याने दिलेला असतो आणि या संस्था मुख्यतः ढिवर व भोई समाजाच्या आहेत. पाणी सरकारी असले तरी त्यात सोडलेले बीज संस्थेने पैसे मोजून आणलेले असते. त्यामुळे “मी तर आक्रमक मासाच काढतो आहे” हा युक्तिवाद तेथे चालत नाही. गळाला काय लागेल हे तुम्ही ठरवत नाही. संस्थेच्या माणसाला आधी भेटावे. तिलापियासाठी नुसता गळ टाकायचा आहे म्हटल्यावर अनेक ठिकाणी नाममात्र पैशांत किंवा फुकटही होकार मिळतो, कारण तो मासा त्यांनाही नकोच असतो. ठेका कोणाकडे आहे हे जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयात समजते. पिण्याच्या पाण्याच्या तलावांवर आणि जलशुद्धीकरण केंद्रांच्या परिसरात मात्र विचारण्याच्या भानगडीत न पडलेले बरे.

६. तोतलाडोहच्या जलाशयात मासे मोठे असतात असे ऐकले आहे. तेथे जाता येईल का?

नाही. तो जलाशय पेंच राष्ट्रीय उद्यानात येतो आणि तेथे मासेमारीस बंदी आहे. मासा देशी असो की विदेशी, वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली कारवाई होते. तोतलाडोहच्या मासेमारांचा आणि वन विभागाचा संघर्ष जुना आहे आणि त्यात पोट हातावर असलेल्या माणसांचे नुकसान फार झाले आहे. हौसेसाठी जाणाऱ्याने त्यात भर घालण्याचे कारण नाही.

७. तिलापिया आणि सायप्रिनस पकडण्यासाठी कोणती साधने लागतात?

फार काही लागत नाही. तिलापियाचे तोंड लहान असते, म्हणून गळ बारीक घ्यावा. गांडुळाचा तुकडा किंवा घट्ट मळलेल्या कणकेची वाटाण्याएवढी गोळी पुरते. काठापासून दहा-पंधरा फुटांच्या आत, जेथे उन्हाने पाणी कोमट झालेले असते आणि तळाशी खळगे दिसतात, तेथे टाकावे. सायप्रिनस तळाशी चरतो, म्हणून आमिष तळाला टेकले पाहिजे. उकडलेला मका किंवा भिजवलेले चणे त्याला चालतात. तो ओढीला दमदार असल्याने दोर मजबूत ठेवावा.

हिवाळ्यात, विशेषतः डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत, तिलापिया सुस्त होतो आणि आमिषाकडे ढुंकूनही पाहत नाही. एप्रिल-मे महिन्यांत तलाव आटलेले असतात आणि मासा कमी जागेत कोंडलेला असतो, तेव्हा तो सर्वाधिक मिळतो. मात्र नागपूरच्या उन्हाळ्यात बर्फाच्या डब्याशिवाय बाहेर पडणे व्यर्थ आहे. ४४-४५ अंशांत मासा तासाभरात खराब होऊ लागतो.

विष, ब्लिचिंग पावडर आणि स्फोटके यांविषयीही विचारणा होते, म्हणून स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. विष आणि स्फोटके वापरून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमापासूनच गुन्हा आहे. बॅटरीचा करंट पाण्यात सोडण्याचा प्रकार तर पकडणाऱ्याच्याच जिवावर बेततो.

८. मासा खाण्यायोग्य आहे की नाही हे कशावरून ठरवावे?

मासा कोणता, याआधी पाणी कोणते हे विचारावे. आमच्याकडे येणारे निम्मे प्रश्न ‘तिलापिया खाल्लेला चांगला की वाईट’ अशा स्वरूपाचे असतात आणि त्यांना एकच उत्तर देता येत नाही, कारण स्वच्छ जलाशयातला तिलापिया उत्तम अन्न आहे आणि नाल्यातला तोच मासा ताटात येता कामा नये.

नाग आणि पिली या नद्यांतून शहराचे सांडपाणी वाहते. त्यांतील आणि त्यांच्या संगमाखालच्या पट्ट्यातील मासा खाऊ नये. कोराडी आणि खापरखेडा येथील औष्णिक वीज केंद्रांच्या राखेच्या तळ्यांलगतचे नालेही त्याच यादीत धरावेत; जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राखेचा बांध फुटून राख आसपासच्या शेतांत आणि पाण्यात पसरली होती. कारखान्याचे पाणी सोडले जाते असे डबके, गणेश विसर्जनानंतरचे काही आठवडे विसर्जनाचा तलाव, आणि फवारणीच्या दिवसांत कपाशीच्या शेताला लागून असलेला नाला, हेही टाळावेत.

येथे एक गैरसमज दूर करावा लागतो. मासा चांगला शिजवला की सर्व दोष जातात, असे अनेकांना वाटते. जंतू आणि कृमी उष्णतेने मरतात, हे खरे. पण पाण्यातून अंगात साठलेले जड धातू शिजवून, तळून किंवा मिठात मुरवून जात नाहीत. हे धातू यकृत, मूत्रपिंड आणि कल्ले यांत मांसापेक्षा अधिक साठतात, म्हणून अनोळखी पाण्यातील माशाचे डोके आणि आतडी खाऊ नयेत. तळाशी खाणारा आणि मोठा, वयस्क मासा लहान माशापेक्षा अधिक साठवून असतो. गर्भवती स्त्रिया आणि लहान मुले यांच्यासाठी म्हणूनच शहरातील तलावांचा मासा पूर्ण टाळावा आणि ओळखीच्या संस्थेकडून आलेला लहान आकाराचा मासा घ्यावा.

९. तलावात एका रात्रीत मेलेले मासे तरंगले तर ते उचलून आणावेत का?

नाही, वरवर ताजे दिसले तरी नाही. बहुतेक वेळा कारण प्राणवायूची कमतरता असते, पण विष हेही कारण असू शकते आणि नुसत्या डोळ्यांनी दोहोंतला फरक कळत नाही.

१०. तिलापियाला चिखलाचा वास येतो. तो घालवता येतो का?

येतो, आणि त्यासाठी वास कोठून येतो हे माहीत असावे. पाण्यातील निळे-हिरवे शेवाळ आणि काही सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचे द्रव्य तयार करतात. पहिल्या पावसानंतर मातीला जो वास येतो त्यातही हेच द्रव्य असते. ते माशाच्या चरबीत मुरते. म्हणून कातडी, पोटाकडची चरबी आणि बाजूच्या मध्यरेषेवरील गडद तांबूस मांसाची पट्टी काढून टाकली की अर्ध्याहून अधिक वास तेथेच संपतो.

स्वच्छ करताना आधी पाठीवरचे काटे कात्रीने छाटावेत, नाहीतर हात सोलवटतो. मग शेपटीकडून डोक्याकडे खवले काढून पोट चिरावे. आत पोटाच्या भिंतीला एक काळे, पातळ आवरण चिकटलेले असते. घाईत बहुतेक जण ते तसेच ठेवतात आणि मग रस्सा कडवट लागला की मसाल्याला दोष देतात. जाडे मीठ घेऊन बोटाने घासले की ते सुटते.

यानंतर आंबटाचे काम. आम्लामुळे जिओस्मिनचे रूपांतर वास नसलेल्या द्रव्यात होते, त्यामुळे चिंचेच्या कोळात, लिंबाच्या रसात किंवा आंबट ताकात अर्धा तास मासा मुरवण्याची आपल्याकडची रीत नुसती चवीची नाही. ताकाचे पाणी मात्र टाकून द्यावे. एवढे करूनही वास राहिला तर पाणीच वाईट होते असे समजावे आणि प्रश्न ८ पाहावा.

११. सावजी पद्धतीने हे मासे चांगले लागतात का?

तिलापियाचे मांस पांढरे, सौम्य आणि लवकर शिजणारे असते. सावजीचा काळा मसाला आणि तर्री त्याला पूर्ण झाकून टाकतात. ज्याला झणझणीत रस्साच हवा आहे त्याची तक्रार नसते, पण मासा चाखायचा असेल तर हळद, मीठ, लसूण आणि तिखट लावून ज्वारीच्या पिठात घोळवून तव्यावर तळावा आणि वरून सांबार (कोथिंबीर) व लिंबू घ्यावे. सावजी रश्श्याला सायप्रिनस अधिक शोभतो. त्याचे मांस घट्ट आणि तेलकट असल्याने मसाला पेलते व तुकडा फुटत नाही. रस्सा आधी पूर्ण उकळू द्यावा आणि मासा शेवटच्या आठ-दहा मिनिटांतच सोडावा.

१२. सायप्रिनसचे काटे फार त्रास देतात. काही उपाय आहे का?

त्याच्या पाठीच्या मांसात इंग्रजी वाय अक्षरासारखे दुहेरी काटे असतात. ते उपटून निघत नाहीत. उपाय असा की, तुकड्याच्या मांसाच्या बाजूने, कातडी न कापता, गव्हाच्या दाण्याइतक्या अंतरावर आडव्या चिरा द्याव्यात आणि तो कडक तेलात तळावा. बारीक कापले गेलेले काटे कुरकुरीत होऊन चावले जातात. एक किलोच्या वरचा मासा घेतला तर काटे जाड असल्याने दिसतात आणि वेगळे करता येतात. लहान मुलांना लहान सायप्रिनस देऊ नये.

१३. मांसात पिवळसर किंवा पांढरे दाणे दिसले तर मासा फेकून द्यावा का?

हे बहुधा कृमींच्या अळ्यांचे कोष असतात आणि पाणपक्षी व गोगलगायी असलेल्या तलावांतील माशांत, देशी मरळमध्येसुद्धा, ते आढळतात. दाणे मोजके असतील तर ते काढून, मांस काट्यापासून सुटेपर्यंत आणि आतपर्यंत अपारदर्शक होईपर्यंत शिजवल्यास धोका राहत नाही. संपूर्ण मासा दाण्यांनी भरलेला असेल तर टाकावा. तो धोकादायक आहे म्हणून नव्हे, तर खाववणार नाही म्हणून. गोड्या पाण्यातील कोणताही मासा कच्चा किंवा अर्धाकच्चा खाऊ नये.

१४. गवत्याचे पित्त मधुमेहावर आणि डोळ्यांवर गुणकारी आहे, हे खरे आहे का?

नाही, आणि हा प्रयोग जीवघेणा ठरू शकतो. गवत्या, रोहू, कटला, सायप्रिनस अशा कार्प कुळातील माशांच्या पित्तात एक विषारी द्रव्य असते, ज्यामुळे मूत्रपिंड आणि यकृत अचानक निकामी झाल्याच्या घटना भारतातही नोंदलेल्या आहेत. ते विष उकळल्याने नष्ट होत नाही. पोट साफ करताना हिरवी पित्ताची पिशवी फुटू न देता काढावी. फुटलीच तर मांस लगेच भरपूर पाण्याने धुवावे. कोणी पित्त गिळले असेल तर लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

१५. थाई मांगूर गळाला लागला तर काय करावे? तो खाणे गुन्हा आहे का?

या माशाचे बीज तयार करणे, तो पाळणे, त्याची वाहतूक करणे आणि विकणे यांवर बंदी आहे. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर महाराष्ट्रात ठिकठिकाणी त्याचे साठे नष्ट करण्यात आले. चुकून गळाला लागलेला मासा हा व्यवसाय नव्हे. परंतु तो परत पाण्यात सोडू नये आणि जिवंत घरीही नेऊ नये. हा मासा हवेतून श्वास घेतो, ओल्या पोत्यात तासन्‌तास जगतो आणि ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जातो. डोक्यावर जोरदार घाव घालून काठावरच मारावा.

खाण्याविषयी आमचे मत असे की खाऊ नये. तो कोंबड्यांच्या आणि कत्तलखान्याच्या कचऱ्यावर पोसला जातो, बहुधा घाणीच्या पाण्यात राहतो, आणि तुमच्या हाती आलेला मासा कोणत्या खड्ड्यातून सुटून आला हे कळायला मार्ग नसतो. मारून खोल पुरावा. कोठे तो चोरून पाळला जात असल्याचे दिसले तर मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवावे.

१६. सकर मासा खातात का?

काही देशांत खातात. त्याच्या अंगावर हाडाचे चिलखत असते, मांस अगदी थोडे निघते, आणि तो तळाचा गाळ खरवडून खात असल्याने प्रश्न ८ मधील धातूंचा धोका त्याला सर्वाधिक लागू होतो. जाळ्यात अडकला तर जाळे कापावे लागते, म्हणून मासेमार त्याला वैतागले आहेत. काठावर फेकून दिला तरी तो बराच वेळ जगतो. मारून पुरणे योग्य.

१७. रूपचंद मासाही विदेशीच ना?

होय, तो दक्षिण अमेरिकेतील पाकू आहे. दिसायला पापलेटसारखा असल्याने काही ठिकाणी त्याच नावाने खपवला जातो. ओठ मागे ओढून पाहिल्यास माणसासारखे चपटे दात दिसतात. खाण्यास हरकत नाही, पापलेटचा भाव देण्यास आहे.

१८. लहान तिलापिया परत पाण्यात सोडावा का? लहान मासा सोडण्याचा नियमच आहे ना?

तो नियम देशी माशांसाठी आहे आणि त्यांच्याबाबतीत तो पाळावाच. मरळ, शिंगी, देशी मागूर यांची पिल्ले आणि पोटात गाबोळी असलेल्या माद्या सोडून द्याव्यात, विशेषतः पावसाळ्याच्या आरंभी. तिलापियाच्या बाबतीत उलट आहे. गर्दी झालेल्या तलावात तो बोटाएवढ्या आकारातच वीण करू लागतो, म्हणजे तुम्ही ‘पिल्लू’ समजून सोडलेली मादी आधीच आई असू शकते. नुसते मोठे काढून लहान सोडत राहिल्यास लहानांना मोकळी जागा मिळते. बारीक तिलापिया डोके व पोट काढून कडक तळता येतो, वाळवता येतो, नाहीतर कोंबड्यांना घालता येतो.

१९. आपण खाऊन यांची संख्या खरोखर कमी होईल का?

मोठ्या जलाशयात नाही. गळाने काढलेला मासा तेथे जाणवतही नाही. ज्या लहान तलावाचे पाणी उन्हाळ्यात आटते तेथे मात्र संस्थेने बारीक जाळ्याने शेवटचा मासा काढला, तळ काही दिवस उन्हात तापू दिला आणि पुढच्या पावसाळ्यात देशी बीज व मरळसारखा शिकारी मासा सोडला, तर चित्र बदलते.

खाण्याच्या मोहिमेचा एक धोका सांगितला पाहिजे. एखाद्या माशाला भाव आला की तो कोणीतरी मुद्दाम सोडू लागतो. थाई मांगूर पसरला तो मागणीमुळेच. म्हणून तिलापिया खावा, परंतु ‘आक्रमक मासा खा’ अशी जाहिरात करणाऱ्या ढाब्याने तो कोठून आणला हे विचारावे. तलावातून काढलेला असेल तर ठीक, त्यासाठी पाळलेला असेल तर निसर्गाची सेवा वगैरे बोलू नये.

२०. मग शेततळ्यात तिलापिया पाळणेही चुकीचे का?

नोंदणी करून, केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, केवळ नर असलेले सुधारित बीज घेऊन आणि पाणी बाहेर जाणार नाही अशा तळ्यात पाळण्यास वाव आहे. तलावातून बादलीभर पिल्ले आणून शेततळ्यात सोडणे हा प्रकार वेगळा. तो बेकायदेशीर तर आहेच, शिवाय वर्षभरात तळे बोटभर माशांनी भरते आणि हाती काही लागत नाही. सांडव्यावर जाळी बसवली तरी अतिवृष्टीत ती तुंबते आणि पाणी बांधावरून जाते.

२१. काचपेटीतले मासे मोठे झाले आहेत. तलावात सोडले तर काय बिघडेल? जिवंत मासे विकत घेऊन सोडणे तर पुण्याचे मानतात.

सकर नेमका याच मार्गाने देशभरच्या नद्यांत पोहोचला. फुटाळ्यात किंवा सोनेगावच्या तलावात सोडलेला मासा एक तर उपाशी मरतो, नाहीतर तेथील माशांना उपाशी मारतो. दुकानदाराला परत द्यावा किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्यावा. जीवदया म्हणून बाजारातून जिवंत मासे आणून सोडणाऱ्यांनी एवढे तरी पाहावे की बाजारात दिवसभर जिवंत राहणारा मासा हा बहुधा मांगूर असतो, आणि तो कोणता हे प्रश्न ४ मध्ये सांगितलेच आहे.

२२. गप्पी मासेही विदेशी आहेत. मग ते डासांसाठी का सोडतात?

घराच्या टाकीत, बंद विहिरीत किंवा कारंज्याच्या हौदात ते सोडण्यास हरकत नाही, कारण तेथून ते बाहेर जात नाहीत. तलावात, नाल्यात किंवा ओढ्यात सोडू नयेत. तेथे डासांच्या अळ्या खाणारे लहान देशी मासे आधीपासून असतात आणि गप्पी त्यांच्याच अन्नावर हात मारतात. टाकी उपसताना गप्पी असलेले पाणी गटारात न सोडता झाडांना घालावे.